शिशाच्या गोळीचे मापन

शिशाच्या गोळीचे मापन म्हणजे साच्यात ओतून तयार केलेल्या शिशाच्या गोळीचा व्यास बंदुकीच्या नळीच्या आतील व्यासाशी जुळवून घेणे. गोळी आणि नळी यांच्यातील फट किती असावी, हा बंदुकीच्या इतिहासातील मूलभूत प्रश्न आहे. फट जास्त राहिली तर दारूचा जोर वाया जातो आणि नेम चुकतो. फट फारच कमी राहिली तर गोळी नळीत अडकते आणि नळी फुटण्याचा धोका निर्माण होतो. तोड्याच्या बंदुकीपासून आजच्या क्रीडा-नेमबाजीपर्यंत या प्रश्नाची उत्तरे बदलत गेली. अशाच एका उत्तरातून, म्हणजे एनफिल्ड रायफलच्या चरबी लावलेल्या काडतुसातून, १८५७च्या उठावाला निमित्त मिळाले. या लेखात मापनाचे तत्त्व, त्याचा मराठवाडा व महाराष्ट्राशी असलेला संबंध आणि त्याचे सुरक्षाविषयक पैलू यांची माहिती दिली आहे.

## संज्ञा

मराठीत बंदुकीचे प्रकार मुख्यतः दारू पेटवण्याच्या आणि भरण्याच्या पद्धतीवरून ओळखले जातात. जळती वात लावून दारू पेटवली जाते ती *तोड्याची बंदूक*. गारगोटीच्या ठिणगीने पेटते ती *चकमकीची बंदूक*. तांब्याच्या लहान टोपीवर घोडा आपटून पेटते ती *टोपीची बंदूक*. या तिन्ही प्रकारांत दारू व गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासावी लागते, म्हणून त्यांना एकत्रितपणे *ठासणीची बंदूक* म्हणतात. दारू, गोळी व टोपी एकाच वेष्टनात असलेले *काडतूस* मागच्या बाजूने भरण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली.

नळीचा आतला पृष्ठभाग सपाट असेल तर ती *गुळगुळीत नळी* होय. आतून पिळाच्या खाचा पाडलेल्या असतील तर ती *रायफल* होय. रायफलच्या नळीला दोन व्यास असतात. खाचांमधील उंचवट्यांपासून समोरच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर हा लहान व्यास, तर एका खाचेच्या तळापासून समोरच्या खाचेच्या तळापर्यंतचे अंतर हा मोठा व्यास. गोळीचे माप ठरवताना हा दुसरा व्यास महत्त्वाचा असतो.

भारतीय पोलीस दलांत दीर्घकाळ वापरात असलेली ‘थ्री नॉट थ्री’ हे याचे परिचित उदाहरण आहे. ०.३०३ इंच (सुमारे ७.७ मिलिमीटर) हे तिच्या उंचवट्यांमधील माप आहे. तिच्या गोळीचा व्यास मात्र सुमारे ०.३११ इंच (७.९ मिलिमीटर) असतो. बंदुकीच्या नावातील आकडा आणि गोळीचे प्रत्यक्ष माप एकच असते, असे गृहीत धरता येत नाही.

## ‘बोर’चा अर्थ

‘बारा बोरची बंदूक’ हा शब्दप्रयोग ग्रामीण महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. यातील बारा हा आकडा लांबीचा नसून वजनाचा आहे. एक पौंड शुद्ध शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोल गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोरची होय. हे गणित शालेय विद्यार्थ्यालाही करून पाहता येते.

* एक पौंड म्हणजे सुमारे ४५३.६ ग्रॅम. त्याचा बारावा भाग ३७.८ ग्रॅम.
* शिशाची घनता दर घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम. म्हणून एका गोळीचे घनफळ सुमारे ३.३३ घन सेंटिमीटर.
* गोलाच्या घनफळाच्या सूत्रावरून व्यास सुमारे १.८५ सेंटिमीटर, म्हणजेच १८.५ मिलिमीटर.

बारा बोरच्या नळीचे मानक माप ०.७२९ इंच, म्हणजे १८.५ मिलिमीटरच आहे. बोरचा आकडा वाढला की नळी लहान होते, याचे कारणही यातून कळते. सोळा बोरमध्ये एका पौंडाचे सोळा भाग होतात, त्यामुळे प्रत्येक गोळी बारा बोरच्या गोळीपेक्षा हलकी व लहान असते. अचूक मोजणीची साधने दुर्मीळ होती त्या काळात तराजूच्या आधारे व्यास ठरवण्याची ही पद्धत सोयीची होती.

## मापनाचे तत्त्व

### गुळगुळीत नळी

काळी दारू जळल्यावर नळीत दाट काजळी साठते. पाच-दहा बार झाल्यावर नळीचा मोकळा व्यास कमी होतो. लढाईत नळी पुसायला वेळ नसल्यामुळे गोळी मुद्दाम लहान ठेवली जात असे. ब्रिटिशांच्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीची नळी ०.७५ इंचाची आणि गोळी सुमारे ०.६९ इंचाची होती. म्हणजे गोळीभोवती एकूण दीड मिलिमीटरची मोकळीक राहत असे. काडतुसाचा कागद बुचासारखा वापरून ही फट काही प्रमाणात भरली जाई. तरीही गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे आणि शेवटची धडक ज्या बाजूला बसली असेल त्याच्या विरुद्ध दिशेला वळे. त्यामुळे एकट्या माणसावर दूरवरून नेम धरण्यात अर्थ नसे. रांगेने उभे राहून एकाच वेळी बार काढण्याची कवायत रूढ होण्यामागे हेही एक कारण होते.

### पिळाची नळी

पिळाच्या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि तिचा मार्ग स्थिर राहतो. त्यासाठी गोळीने खाचांना घट्ट धरणे आवश्यक असते. जुन्या रायफलींत गोळीभोवती तेलाची चिंधी गुंडाळून ती गजाने ठोकून बसवावी लागे. यामुळे नेम सुधारला, पण भरण्याचा वेळ कितीतरी वाढला.

ही अडचण १८४९च्या सुमारास फ्रेंच अधिकारी क्लोद मिनिए याने विकसित केलेल्या गोळीने दूर झाली. ही गोळी नळीपेक्षा किंचित लहान, लांबट आणि बुडाशी पोकळ होती. ती सहज आत उतरे. बार उडताच वायूच्या दाबाने तिचे बूड फुगून खाचांत बसे. भरताना सैल आणि सुटताना घट्ट, असा दुहेरी गुण मऊ शिशामुळे साधला गेला.

## मराठवाडा व महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात शिशाच्या मोठ्या खाणी नसल्यामुळे गोळ्यांसाठी लागणारे शिसे बाहेरून विकत घ्यावे लागे. शिवाजी महाराजांनी १६७३च्या सुमारास सुरतेच्या फ्रेंच वखारीकडून तोफांबरोबर तोड्याच्या बंदुकांसाठी शिसेही घेतल्याचा उल्लेख इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने केला आहे. रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या *आज्ञापत्रा*त गडावरील दारूखाना वस्तीपासून दूर ठेवण्याची सूचना आहे. दारू आणि शिसे हा राज्याच्या साठ्याचा किती महत्त्वाचा भाग होता, हे अशा उल्लेखांवरून लक्षात येते.

नांदेड येथे १७०८ साली गुरू गोविंदसिंग यांचे देहावसान झाले. तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे जतन केलेल्या त्यांच्या शस्त्रांत तोड्याची बंदूकही आहे. औसा (जिल्हा लातूर) व कंधार (जिल्हा नांदेड) येथील भुईकोट किल्ल्यांवर जुन्या तोफा पाहावयास मिळतात. बंदुकीतील फटीचा नियम तोफेलाही लागू होतो. तोफेचा गोळा तोंडाच्या व्यासापेक्षा लहान ठेवावाच लागे, कारण लोखंडी किंवा दगडी गोळा शिशासारखा दबत नाही.

फेब्रुवारी १७६०मध्ये उदगीर-औसा परिसरात सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखालील मराठा सैन्याने निजामाच्या सैन्याचा पराभव केला. या मोहिमेत इब्राहिमखान गारदी याच्या तोफखान्याने व कवायती पलटणींनी महत्त्वाची कामगिरी बजावली. तहात सुमारे ६० लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख मराठ्यांना मिळाला. कवायती पायदळाचा मोठा फायदा असा की, एका पलटणीतील बंदुका शक्यतो एकाच मापाच्या असत. त्यामुळे एकाच साच्यातील गोळ्या सर्वांना चालत. स्वतःची बंदूक घेऊन चाकरीस येणाऱ्या शिपायाला मात्र आपल्या नळीच्या मापाचा गोळीचा साचा जवळ बाळगणे भाग असे.

जानेवारी १८१९मध्ये नांदेडच्या उत्तरेस असलेल्या नोव्हा येथील गढीला मेजर पिटमन याच्या हाताखालील निजामाच्या फौजेने वेढा घातला. नौसाजी नाईक यांच्या नेतृत्वाखालील हटकरांनी व त्यांच्या बाजूच्या अरब शिपायांनी तिचा चिवट बचाव केला. अखेरीस गढी पडली. ब्रिटिश-भारतीय सैन्यातील काही पलटणींना ‘नोव्हा’ हा युद्धसन्मान या लढाईसाठी देण्यात आला.

## १८५७ आणि एनफिल्डचे काडतूस

कंपनी सरकारच्या शिपायांकडे १८५७पूर्वी प्रामुख्याने पाऊण इंची गुळगुळीत नळीच्या बंदुका होत्या. त्यांच्या जागी १८५३ सालच्या नमुन्याची एनफिल्ड रायफल आणण्याचे ठरले. तिची नळी ०.५७७ इंचाची आणि गोळी सुमारे ०.५६८ इंचाची होती. पूर्वीची दीड मिलिमीटरची मोकळीक यामुळे पाव मिलिमीटरच्याही आत आली. एवढ्या अरुंद फटीतून कागदात गुंडाळलेली गोळी खाली उतरवायची, तर वंगण अनिवार्य झाले. म्हणून काडतुसाचा गोळीकडील भाग चरबी व मेण यांच्या मिश्रणात बुडवला जाई. हे वंगण काजळीही मऊ ठेवत असे.

काडतूस भरण्यापूर्वी त्याचे टोक दाताने फाडण्याची कवायत होती. जानेवारी १८५७मध्ये कलकत्त्याजवळील डमडम येथे या चरबीत गाय व डुक्कर यांची चरबी असल्याची बातमी पसरली. हिंदू आणि मुसलमान अशा दोन्ही समाजांतील शिपायांच्या धर्मभावनेला धक्का बसला. शिपायांनी तूप-मेण असे स्वतःच्या पसंतीचे वंगण वापरावे, तसेच काडतूस हाताने फाडावे, अशा सवलती सरकारने दिल्या, परंतु अविश्वास दूर झाला नाही. २९ मार्च रोजी बराकपूर येथे मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले. २४ एप्रिल रोजी मेरठ येथे घोडदळाच्या ८५ शिपायांनी काडतुसे घेण्यास नकार दिला. १० मे रोजी तेथेच उठावाचा भडका उडाला. जूनमध्ये औरंगाबाद येथील हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळात आणि ३१ जुलै रोजी कोल्हापूर येथील २७व्या पलटणीत बंड झाले.

उठावाची राजकीय, आर्थिक व सामाजिक कारणे व्यापक होती. काडतूस हे त्यांतील केवळ निमित्त होते, असे सामान्यतः मानले जाते. तथापि हे निमित्त तांत्रिक गरजेतून आले होते, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांगितली जाते. फट कमी करण्याचा निर्णय घेणाऱ्यांनी नेम आणि पल्ला यांचा विचार केला, पण जो माणूस ते काडतूस दातांत धरणार होता त्याचा विचार केला नाही. पुढे एनफिल्डची गोळी ०.५५ इंचापर्यंत लहान करण्यात आली आणि भरणे सुलभ झाले.

## शिसे व मिश्रधातू

शिसे ३२७.५ अंश सेल्सिअसला वितळते. ते जड, मऊ व साच्यात ओतण्यास सोपे असल्यामुळे गोळीसाठी सर्वत्र वापरले गेले. शुद्ध शिसे नखानेही ओरखडते. वेगवान रायफलमध्ये इतकी मऊ गोळी खाचांवरून घसरते, म्हणून शिशात कथील व अँटिमनी मिसळतात. कथिलामुळे वितळलेला धातू साच्याच्या कानाकोपऱ्यांत नीट भरतो, तर अँटिमनीमुळे गोळीला कठीणपणा येतो.

हेच तीन धातू छापखान्यातील खिळ्यांसाठीही वापरले जात. संगणकपूर्व काळात मराठी पुस्तके ज्या खिळ्यांनी छापली गेली, ते शिसे, अँटिमनी व कथील यांच्याच मिश्रणाचे असत. खिळ्याची धार शाबूत राहावी म्हणून त्यात अँटिमनीचे प्रमाण अधिक ठेवले जाई. अँटिमनी अधिक असल्यास धातू थंड होताना कमी आकसतो. त्यामुळे एकाच साच्यातून शुद्ध शिशाची गोळी किंचित लहान आणि मिश्रधातूची गोळी किंचित मोठी निघते. साचा एकच असूनही माप वेगळे येण्याचे हे कारण आहे.

## मापनाची पद्धत

परवानाधारक नेमबाज व जुन्या शस्त्रांचे अभ्यासक ज्या पद्धतीने मापन करतात, तिचे तीन टप्पे सांगता येतात.

1. नळीचे माप घेणे. रिकाम्या नळीतून मऊ शिशाचा तुकडा हळूहळू पुढे सरकवतात. त्यावर उंचवटे व खाचा यांचा ठसा उमटतो. सूक्ष्ममापीने त्या ठशाचा सर्वांत मोठा व्यास मोजला की खाचेच्या तळाचे माप मिळते.
2. गोळी थोडी मोठी ओतणे. साचा नळीपेक्षा किंचित मोठा निवडतात. मोठी गोळी दाबून लहान करता येते, मात्र लहान गोळी मोठी करता येत नाही.
3. दाबून माप आणणे. ओतीव गोळी ठरावीक व्यासाच्या, आतून गुळगुळीत पोलादी कड्यातून दाबून काढतात. बाहेर पडलेली गोळी सर्व बाजूंनी एकसारख्या व्यासाची होते. याच वेळी गोळीच्या खोबणीत मेणाचे वंगण भरले जाते.

गोळी खाचेच्या व्यासापेक्षा इंचाच्या एक-दोन सहस्रांशांनी, म्हणजे सुमारे ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटरने मोठी ठेवण्याचा प्रघात आहे. हा फरक माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा कमी आहे. तांब्याच्या आवरणाच्या गोळीला हा नियम लागू होत नाही. ती शिशाइतकी दबत नसल्यामुळे सामान्यतः खाचेच्या मापाचीच ठेवतात.

## मेळ चुकल्याचे परिणाम

गोळी लहान राहिल्यास तप्त वायू तिच्या बाजूने पुढे घुसतो आणि शिशाचा पृष्ठभाग वितळवतो. हे शिसे नळीच्या खाचांत साचते आणि प्रत्येक बारागणिक नेम बिघडत जातो. गोळी फारच मोठी असल्यास दाब वाढतो. ती नळीत अडकून राहिली आणि त्यामागून दुसरा बार काढला, तर नळी फुटते.

ठासणीच्या बंदुकीत आणखी एक धोका असतो. गोळी दारूवर पूर्ण न टेकता मध्येच राहिली, तर मधल्या पोकळीमुळे नळी फुटू शकते. म्हणून जुने वापरकर्ते गजावर खूण करून ठेवत. गोळी योग्य जागी बसली की गज त्या खुणेपर्यंतच बाहेर राही.

बेकायदेशीररीत्या बनवलेल्या ‘गावठी कट्ट्या’त हा मेळ बहुधा नसतोच. त्याची नळी साध्या लोखंडी पाइपची असते आणि काडतूस कारखान्यात बनलेले असते. पाइपचा व्यास, जाडी व पोलादाची प्रत यांपैकी कोणतीही गोष्ट त्या दाबासाठी केलेली नसते. त्यामुळे असे शस्त्र चालवणाऱ्याच्याच हाताला व डोळ्यांना इजा करू शकते.

## गुन्हे अन्वेषणातील उपयोग

गोळी नळीत घट्ट बसत असल्यामुळे नळीतील खाचांचे व सूक्ष्म ओरखड्यांचे ठसे तिच्यावर उमटतात. घटनास्थळी सापडलेली गोळी आणि संशयित शस्त्रातून प्रयोगशाळेत झाडलेली गोळी तौलनिक सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवून दोन्हींची तुलना केली जाते. महाराष्ट्रात न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांचे मुख्यालय मुंबईतील कलिना येथे असून नांदेड येथेही प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. गुळगुळीत नळीतून सुटलेल्या छऱ्यांवर असे ठसे मिळत नाहीत, तेथे रिकाम्या काडतुसाच्या बुडावरील खुणांचा आधार घ्यावा लागतो.

## आरोग्य व कायदा

शिसे विषारी आहे. ओतकामाच्या वेळी निघणारी वाफ व धूळ, तसेच हाताला लागलेले शिसे अन्नावाटे शरीरात जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा विशेष अनिष्ट परिणाम होतो. रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. दर डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम वा त्याहून अधिक शिसे आढळल्यास त्याचा उगम शोधावा, असे तिच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. पाणथळ जागी पडलेले छरे खड्यांबरोबर गिळल्याने पाणपक्षी मरतात. त्यामुळे अनेक देशांनी पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांवर बंदी घातली आहे.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ व शस्त्र नियम, २०१६ लागू आहेत. शस्त्र बाळगण्यासाठी तसेच दारूगोळा तयार करण्यासाठी परवाना आवश्यक असून विनापरवाना निर्मिती हा दंडनीय गुन्हा आहे. कोकण व कोल्हापूर भागांत रानडुकरे व माकडे यांच्यापासून पिकांचे रक्षण करण्यासाठी अनेक शेतकऱ्यांकडे ठासणीच्या बंदुकांचे शेतीसंरक्षण परवाने आहेत. परवाना असला तरी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे संरक्षित प्राण्याची शिकार करता येत नाही.

## सद्यस्थिती

पुण्याजवळील खडकी येथे १८६९ साली स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्यात लहान शस्त्रांची काडतुसे बनतात. कारखान्यात गोळीचे माप यंत्रावर ठरते आणि तपासले जाते, त्यामुळे वापरकर्त्याला स्वतः मापन करण्याची गरज उरलेली नाही. ओतीव शिशाच्या गोळीचे मापन आता मुख्यतः क्रीडा-नेमबाजी, जुन्या शस्त्रांचे जतन व इतिहाससंशोधन या क्षेत्रांपुरते राहिले आहे. किल्ल्यांच्या परिसरात सापडणाऱ्या शिशाच्या गोळ्यांचे वजन व व्यास यांवरून त्या कोणत्या बोरच्या बंदुकीच्या होत्या याचा अंदाज करता येतो. पृष्ठभागावरील खुणांवरून त्या झाडलेल्या होत्या की न झाडताच पडल्या, हेही बऱ्याचदा सांगता येते. अशी गोळी सापडल्यास ती घासून स्वच्छ न करता, सापडल्याच्या जागेची नोंद करून पुरातत्त्व विभागाकडे सोपवणे उचित ठरते. घासल्याने तिच्यावरील खुणा नष्ट होतात आणि शिशाची विषारी भुकटीही हाताला लागते.